गोलाईतला पावशेर

आमच्या माईकडं एक दगड होता. काळा, गुळगुळीत, मुठीत बरोबर मावणारा. लातूरच्या गंज गोलाईत ती वाळलेली मिरची विकायला बसायची, तेव्हा तो तागडीच्या डाव्या पारड्यात असायचा. घरात त्याला कुणी दगड म्हणत नसे. त्याचं नाव पावशेर. एकदा तो भाकरीच्या टोपल्याखाली गेला आणि सापडेना, तर "पावशेर हरवला" म्हणून माईनं अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती. पुढं मी वजनमापे निरीक्षक झालो. चौतीस वर्षं नांदेड-लातूरकडच्या बाजारांतून काटे तपासत हिंडलो. वजनाच्या बुडाशी शिशाची गोळी आहे का, गोळीवर शिक्का आहे का, शिक्क्यावरचं साल चालू आहे का, हे बघण्यात डोळे घालवले. तो दगड आता नांदेडला माझ्या टेबलावर असतो, पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून. त्याच्याबद्दल सांगायचं आहे. पण त्याआधी गोलाईबद्दल सांगावं लागेल, आणि गोलाई मला नीट दिसली ती इंग्लंडात, त्याला मी तरी काय करू?

लेक आणि जावई सॅलिसबरीजवळ राहतात. एका उन्हाळ्यात मी तिकडं गेलो, तर पहिल्याच आठवड्यात जावयांनी गावातला पोल्ट्री क्रॉस दाखवायला नेलं. क्रॉस म्हटल्यावर मला वाटलं, चर्चपुढचा क्रूस असेल. निघाला कोंबडीबाजाराचा मंडप! सहा कोनांचा, सहाही बाजूंनी उघडा, मधोमध एक जाड खांब आणि डोक्यावर दगडी कमानींचा मुकुट. मंडप पंधराव्या शतकातला. मुकुट १८५० च्या दशकात पुन्हा चढवलेला, म्हणजे आपल्या भाषेत जीर्णोद्धारातला. गावात पूर्वी असे चार क्रॉस होते. कोंबड्या-अंड्यांचा हा एक. बाकीचे चीजचा, लोकरीचा आणि जनावरांचा. उरला तो एवढाच. मंगळवारी आणि शनिवारी त्याच्या अवतीभवती अजून बाजार भरतो. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि लेकीला म्हणालो, "हे तर आपल्या गोलाईचं धाकटं भावंड." ती हसली. तिला वाटलं, बाबांना घरची आठवण येतेय. येतच होती, पण माझं म्हणणं तेवढंच नव्हतं.

इंग्लंडात बाजार भरवायला राजाची सनद लागे. सनदेत वार ठरलेला असे, आणि त्या बाजाराची खूण म्हणून मधोमध एक दगडी खांब उभा करत, माथ्यावर क्रूस. सौदा देवाच्या डोळ्यांदेखत व्हावा, एवढाच सुरुवातीचा हिशेब. मग खांबाभोवती पायऱ्या आल्या. शेतकऱ्यांच्या बायका लोण्याच्या आणि अंड्यांच्या टोपल्या त्या पायऱ्यांवर मांडून बसत, म्हणून कित्येक गावांत त्याचं नावच 'लोण्याचा क्रॉस' पडलं. पाऊस तिकडं सांगून येत नाही. पायऱ्यांवर छप्पर आलं, छपराला खांब आले. माल्म्सबरीला आठ कोनांचा दगडी मंडप झाला. डन्स्टरला १६०९ साली जॉर्ज लट्रेल नावाच्या जमीनदारानं सूतबाजारासाठी आठ कोनांचं लाकडी छप्पर उभारलं. पुढं त्यांच्या यादवी युद्धात त्याच्या एका तुळईला तोफगोळ्यानं पडलेलं भोक आजही दाखवतात. विमंडमला १६१५ साली गाव जळालं आणि दोन-तीन वर्षांत नवा क्रॉस उभा राहिला, लाकडी खांबांवर चढवलेली खोलीच ती. क्रूस कधीच गळून पडला, नाव तेवढं राहिलं. आपल्याकडं वेशीचं दार जातं आणि वेस राहते, तसं.

आता लातूर. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरपुराचे स्वामी म्हणवत, ते हेच लातूर. पण त्या वैभवाचा आणि आजच्या बाजाराचा संबंध जोडायचा मोह मी आवरतो. आजचं लातूर रेल्वेनं घडवलं. त्याआधी इथली जवारी, तूर, करडी बैलगाड्यांनी नाहीतर लमाणांच्या तांड्यांनी बाहेर जायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं अडीच फूट रुंदीचा रूळ टाकून बार्शी लाइट रेल्वे काढली. १८९७ साली ती कुर्डुवाडीहून बार्शीला पोचली आणि १९११ साली लातूरला. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या; मध्ये करोडगिरीचा नाका. अलीकडं हाली रुपया, पलीकडं कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार हा ढोबळ हिशेब आमच्या बापूंना मरेपर्यंत तोंडपाठ होता. भुसार लाईनला हमाल असलेल्या माणसाच्या हाती यातले फारसे कुठलेच रुपये लागले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

गाडी आल्यावर सहा वर्षांनी, १९१७ साली, गोलाई बांधून झाली. आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचा. गावाच्या मधोमध एक भली थोरली दुमजली गोल इमारत, तिच्या मध्यावर अंबाबाईचं देऊळ, आणि चहूकडून येऊन तिला मिळणारे सोळा रस्ते. रुपयाचे आणे सोळा, गोलाईचे रस्ते सोळा. हा योगायोग असेल, पण आमच्या लहानपणी प्रत्येक दुकानदार तो योजून केल्यासारखा सांगे. रस्त्यांना माल वाटून दिलेला: एकीकडं सोनंचांदी, एकीकडं कापड, एकीकडं चपला, कुठं भुसार, कुठं मिरची, कुठं गूळ. मुसलमान नगररचनाकार, निजामाचं राज्य आणि मधोमध देवी. यावर अलीकडं काही लोकांना आश्चर्य करावंसं वाटतं. आम्ही तिथं वाढलो, त्यामुळं आश्चर्य करायचं सुचलंच नाही.

चौकात माणूस चुकत नाही, गोलाईत चुकतो. सोळा तोंडं सारखीच. नवखा माणूस दोन फेऱ्या मारतो आणि ज्या रस्त्यानं आला तोच रस्ता समजून भलत्याच गावाला जायला निघतो. पण मधोमध उभं राहून बघितलं की फैयाजुद्दीनांचं डोकं कळतं. कुठल्याही गावाकडून बैलगाडी येवो, ती शेवटी देवीसमोरच उभी राहते. नांदेडला आमच्याकडं इतवारा आहे, मोंढा आहे, वजिराबाद आहे; बाजार मोठाले, पण त्यांना असा मध्य नाही. इतवाऱ्याला नावच मुळी वारावरून पडलेलं. आपल्याकडचे बहुतेक बाजार वाराचे. जागेला बांधलेला, जागेभोवती फिरणारा बाजार विरळा. म्हणून सॅलिसबरीत मला गोलाई आठवली.

आठवली तशी एक गोष्ट खटकलीही. माय गोलाईत कुठं बसायची? दुकानात नव्हे. रस्त्याच्या कडेला, गोणपाटावर. उन्हाळ्यात सकाळी ती इमारतीच्या पश्चिमेला बसे, कारण सावली तिकडं. सूर्य वर येई तशी सावली आखडत जाई आणि माय पाटी-तागडी उचलून तिच्यासोबत सरके. दुपारी बाराला सगळ्या बायका भिंतीला चिकटलेल्या. उन्हं कलली की पूर्वेला. मला घड्याळ कळायला लागायच्या आधी, माय गोलाईच्या कुठल्या अंगाला आहे त्यावरून शाळेची वेळ कळायची. इमारत एवढी देखणी, एवढी मोठी, पण तिचं छप्पर दुकानाला. जमिनीवर बसणाऱ्या बाईला फक्त तिची सावली, तीही फिरती. वर बाजारबैठकीची पावती फाडायला माणूस रोज येई. त्याला सावली कुठंय हे आमच्यापेक्षा आधी कळायचं.

इंग्लंडातल्या क्रॉसचं छप्पर नेमकं उलट, दुकान नसलेल्या माणसांसाठी आहे. चिचेस्टरला एडवर्ड स्टोरी नावाचे बिशप होते. त्यांनी १५०१ साली गावाच्या महापौराकडून चौकातली जागा दहा पौंडांना विकत घेतली आणि तिथं आठ कोनांचा मंडप बांधून दिला. अट एवढीच, की गरीब लोकांना त्याखाली बसून माल विकता यावा आणि त्यांच्याकडून पट्टी घेऊ नये. चार रस्ते त्या मंडपाशी येऊन मिळतात. मी त्याखाली बाकावर अर्धा तास बसलो. बाहेर ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता, पण मला माय दिसत राहिली.

तिकडं सगळं असंच गोड आहे असं मात्र समजू नका. चिचेस्टरच्या मंडपाखालची गर्दी वाढली, गाड्या अडायला लागल्या, तेव्हा १८०८ साली जॉन नॅशनं बांधलेला बंदिस्त बाजार जवळच उघडला आणि विक्री तिकडं हलवली. क्रॉस मोकळा झाला, म्हणजे निरुपयोगी झाला, म्हणजे वारसा झाला. विंचेस्टरची गोष्ट याहून मजेशीर. तिथल्या रस्तेसुधारणेच्या पंचांनी १७७० साली गावातला क्रॉस चक्क विकला. डमर नावाच्या धनिकाला तो आपल्या बागेत हवा होता. त्याची माणसं क्रॉस सोडवायला आली तर गावकऱ्यांनी असा दंगा केला, की ती पळून गेली. डमरनं मग बागेत त्याची चुन्याची नक्कल करून ठेवली. मूळ क्रॉस अजून जागेवर आहे. लंडनच्या चीपसाइडचं नशीब तेवढं नव्हतं. तिथला क्रॉस १६४३ साली पार्लमेंटच्या लोकांनी मूर्तिपूजेच्या रागातून पाडला.

गोलाईचा घाऊक व्यापारही बाहेर गेलाच. बाजारावर कायद्याचं छत्र आणायची सुरुवात हैदराबाद संस्थानानं १३३९ फसलीत, म्हणजे १९३० साली केली होती. पुढं महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला, बाजार समिती आली, मार्केट यार्ड आलं. तूर, हरभरा आणि मग सोयाबीन तिकडं गेलं. गोलाईत राहिलं सोनं, कापड, भांडी, चपला, पूजेचं सामान आणि कडेला बसणाऱ्या बाया. मी सरकारी माणूस. यार्डाविरुद्ध बोलणार नाही. उघड लिलाव, ठरलेली आडत, कायद्यातला काटा, हे सगळं शेतकऱ्याच्या बाजूचं आहे. फक्त यार्डात मधोमध काय आहे, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. बहुधा वाहनतळ.

आणि रेल्वे? बार्शी लाइटचा तो अरुंद रूळ उखडून रुंद झाला. २०१६ च्या एप्रिलात लातूरचं पाणी संपलं, तेव्हा मिरजेहून 'जलदूत' गाडी आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर: कॅलथ्रॉपचाच रस्ता. ज्या वाटेनं आमचं धान्य शंभर वर्षं बाहेर गेलं, त्याच वाटेनं प्यायचं पाणी आत आलं. त्या वेळी लातूरच्या नात्यातल्या एका बाईंनी फोनवर मला गाडीची बातमी सांगितली आणि लगेच पुढं, "पण मोजून देतेत का रं?" असं विचारलं. निरीक्षकाच्या नातेवाइकांनाही खोड लागते.

माझी खोड मला डिव्हायझेसला घेऊन गेली. सॅलिसबरीहून फार लांब नाही. तिथला क्रॉस तसा अलीकडचा, १८१४ चा, लॉर्ड सिडमथ यांनी गावाला दिलेला. त्याच्या एका बाजूवर रूथ पिअर्स नावाच्या बाईची हकिकत कोरलेली आहे. ती पॉटर्न या जवळच्या गावची. २५ जानेवारी १७५३ रोजी तिनं आणि आणखी तिघींनी मिळून बाजारात गव्हाचं एक पोतं घेतलं. पैसे चौघींनी सारखे काढायचे. गोळा करणारीनं मोजले तर कमी भरले. तिनं रूथकडं मागितले. रूथ म्हणाली, मी माझे दिलेत, दिले नसतील तर मी इथंच मरून पडेन. दुसऱ्यांदा तेच म्हणाली आणि खरोखर पडली, मेली. मूठ उघडली तर पैसे मुठीतच होते.

लोक तो दगड वाचतात, फोटो काढतात आणि पुढं जातात. मी बराच वेळ उभा राहिलो. चार बाया मिळून एक पोतं गहू घेतात, याचा अर्थ कुणालाच एकटीला परवडत नव्हतं. बुडाले असते ते काही पेनी. आणि नाव कोरलं गेलं तिचं. तिकडं धुळीच्या पायांचं न्यायालय असे. फ्रेंच नावाचा अर्थच तो, म्हणजे वाटसरू व्यापाऱ्याच्या पायाची धूळ झटकायच्या आत निकाल देणारं. खोटं माप, सडकं मटण, पाणी घातलेली बिअर, सगळ्याला तिथं दंड होत. माप शीग लावून द्यायचं की काठ निपटून, यावर तर तिकडं शतकानुशतकं भांडणं झाली. शिगेचं माप बंद केलं ते १८३५ च्या कायद्यानं. एवढे खटले, एवढे दंड. पण मी जेवढे क्रॉस पाहिले त्यांत कुठं लबाड धान्यव्यापाऱ्याचं नाव दगडावर दिसलं नाही. गरीब बाईचं दिसलं.

आपल्याकडं त्यासाठी दगड लागत नाही, बेल-भंडारा लागतो. नांदेडच्या लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, लाल कंधारी बैल. सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो. भाव शेजाऱ्याला कळू नये, पण खंडोबापासून काही लपत नाही हे दोघांनाही मान्य असतं. पटेनासं झालं की म्हणायचं, उचल भंडारा. मी असे कित्येक जण पाहिलेत, जे खात्यासमोर बेधडक खोटं बोलतात आणि भंडाऱ्यासमोर त्यांचा हात थांबतो. गोलाईतही तेच. भुसार लाईनला मापाडी पायलीनं जवारी मापायचा तेव्हा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणे, मग दोन, मग तीन. मोजणी चुकली असा वाद झाला तर बोट देवळाकडं जाई. देऊळ दिसत असलंच पाहिजे, एवढ्यासाठी फैयाजुद्दीनांनी ते मध्यावर ठेवलं असं मी म्हणणार नाही. पण त्याचा उपयोग असाच झाला.

आता दगड. मी नोकरीला लागलो १९७६ साली, नांदेडला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. प्रशिक्षण संपवून पहिल्या सुट्टीत घरी आलो. डोक्यात नवा कायदा भिनलेला. माय मिरची तोलत होती, "पाव किलो" म्हणत होती आणि पारड्यात दगड. मी काही बोललो नाही. परतताना तिला न सांगता तो पिशवीत टाकला आणि कचेरीतल्या काट्यावर ठेवला. दोनशे तेहेतीस ग्रॅम.

आधी कानशिलं तापली. पाव किलोमागं सतरा ग्रॅम कमी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत किती गिऱ्हाइकं, किती वर्षं, याचा हिशेब मी नको असताना करून बसलो. मग लक्षात आलं. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे नऊशे तेहेतीस ग्रॅम. त्याचा चौथा हिस्सा दोनशे तेहेतीस. दगड तंतोतंत पावशेर होता. कुणीतरी, बहुधा आज्जीनं, खऱ्या वजनाशी तोलून, घासून तो बसवला होता आणि तो इतक्या वर्षांत रतीभर झिजला नव्हता. मेट्रिकचा कायदा १९५६ चा. १९५८ च्या ऑक्टोबरपासून नवी वजनं टप्प्याटप्प्यानं आली आणि १९६२ पर्यंत शेर कागदावरून गेला. गोलाईतल्या बायकांनी नाव बदललं, दगड तोच ठेवला. दगड खरा, नाव खोटं. कायद्यात याला एकच शब्द आहे आणि तो मला पाठ होता.

मी खटला केला नाही. करायला हवा होता का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पुढं अशाच दगडांसाठी मी दुसऱ्यांच्या माया-बहिणींना दंड केला आहे. पुढच्या सुट्टीत मिळून अडीचशे ग्रॅम होणारी दोन लोखंडी वजनं विकत घेतली, बुडाशी शिक्का असलेली, आणि माईच्या पाटीत ठेवली. दगड परत मागू नको म्हणालो. तिनं ती एका हातात घेऊन झेलली, मग दगडाच्या आठवणीनं असेल, दुसरा हातही तसाच रिकामा झेलला. "जड है," म्हणाली.

माईची एक रीत होती. तोलून झालं की गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून एक मूठ मिरची टाकायची. न मागता. मोठी मूठ नव्हे. बोटांत येईल तेवढी. लहानपणी मला ते तिचं औदार्य वाटायचं. त्या दिवशी मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसलो होतो, सावली पूर्वेला गेली होती. पहिलं गिऱ्हाईक आलं, पाव किलो घेतलं, पिशवी पुढं करून थांबलं. माईनं तागडी खाली ठेवली आणि दुसऱ्या बाईकडं वळली. ते गिऱ्हाईक जरा घुटमळलं आणि गेलं. मग दुसरं. मग तिसरं.

मी विचारलं, "माय, वरची मूठ?"

"आता वजन सरकारचं है," ती म्हणाली, "मूठ बी सरकारनंच घालावी की."